ठोकळे माळ्यावर, पोरगं मोबाइलवर

आमच्या कारेगावात लहान मूल असलेल्या भाड्याच्या खोलीत शिरलं आणि वर नजर टाकली की माळ्यावर, कूलरच्या खोक्यामागे, तोंड बांधलेली एक पिशवी हमखास दिसते. तिच्यात पोराचे ब्लॉक्स असतात. वाढदिवसाला मामाने आणलेले, रांजणगावला महागणपतीचं दर्शन घेऊन येताना हट्ट करून घेतलेले, नाहीतर शेजारच्यांनी खोली सोडताना देऊन टाकलेले. पिशवीच्या बरोबर खाली, गादीवर, ते पोरगं आईचा मोबाइल तोंडासमोर धरून दुसऱ्या कुठल्या तरी मुलाला ब्लॉक्स खेळताना बघत असतं. आईबापाला विचारा, पिशवी वर का? उत्तर ठरलेलं: ‘पसारा करतो हो.’

या उत्तराचा मला राग येतो. पसारा करतो म्हणून खेळणं काढून घ्यायचं आणि गप्प बसावं म्हणून मोबाइल द्यायचा, ही शिस्त नव्हे. ही मोठ्यांची सोय आहे, आणि तिची किंमत पोर मोजतं.

मी रांजणगाव एमआयडीसीत एका व्हेंडर कंपनीच्या स्टोअरला काम करते. दिवसभर माझ्या हाताखालून स्क्रू, वॉशर, क्लिपा आणि मोल्डिंगचे पार्ट जातात. त्यामुळे वस्तू कशी ठेवावी यावर बोलायचा मला अधिकार आहे असं मी मानते, आणि स्पष्ट सांगते: मुलांच्या ब्लॉक्सचं आपण घरात जे करतो ते कुठल्याही स्टोअरला एक दिवस चाललं नसतं. स्टोअर माल देण्यासाठी असतं. लाइनला पार्ट लागला आणि तो वेळेत हातात पडला नाही, तर रॅक कितीही चकाचक असोत, ते स्टोअर नापास. घरातल्या खेळण्यांच्या जागेलाही हाच एक प्रश्न विचारायचा: पोराने मागितल्यावर, किंबहुना न मागता, माल त्याच्या हाताला लागतो का? माळ्यावरच्या पिशवीतून लागत नाही. पाहुण्यांना दिसावा म्हणून शोकेसच्या काचेमागे ठेवलेल्या सेटमधून तर नाहीच नाही.

आणि ही वस्तू आपल्याला काही परकी नाही. चांगला ठोकळा एबीएस प्लास्टिकचा असतो. लेगो कंपनी १९६३ पासून एबीएस वापरते. हेच प्लास्टिक फ्रिजच्या, वॉशिंग मशीनच्या आणि गाड्यांच्या आतल्या भागांना लागतं, आणि आपल्या एमआयडीसीत फ्रिज, वॉशिंग मशीन, गाड्या हेच तर बनतं. कारेगावातली कितीतरी माणसं मोल्डिंग मशीनसमोर उभी राहून पगार कमावतात. साच्यात केसाएवढा फरक पडला तरी पार्ट बसत नाही, हे त्यांना मी सांगायला नको. लेगोच्या साच्यांची अचूकता मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्याही आतली. म्हणून तर ज्या रचनेचा पेटंट अर्ज डेन्मार्कमध्ये २८ जानेवारी १९५८ रोजी दाखल झाला, त्या रचनेचा त्या काळातला ठोकळा आज बनलेल्या ठोकळ्यावर घट्ट बसतो. या कामाची कदर ज्याला सगळ्यात आधी असायला हवी, तोच बाप शिफ्टवरून आल्यावर पायात ठोकळा रुतला म्हणून सगळं पोत्यात कोंबतो. कंपनीच्या भिंतीवर फाइव्ह-एसचा बोर्ड असतो, प्रत्येक वस्तूला जागा आणि प्रत्येक वस्तू जागेवर. तो बोर्ड गेटबाहेर आल्यावर कुठे जातो?

आता पसाऱ्याचं मूळ बघू. माझ्या मते ते मूल नाही, खोल बादली आहे. पोराला हवी असते चाकाची धुरी. बादली हलून हलून बारीक तुकडे तळाशी गेलेले असतात आणि मोठे ठोकळे वर राहिलेले असतात. पोरगं आधी मनगटापर्यंत हात घालून चाचपतं. मग कोपरापर्यंत घालतं. वरचे ठोकळे काठावरून बाहेर पडतात, तळ काही हाताला लागत नाही. मग ते तेच करतं जे कुठलाही शहाणा माणूस करेल: बादली पालथी घालतं. खर्रकन आवाज होतो, ओट्याकडून ओरडा येतो आणि पाठीत धपाटा बसतो. दोष बादलीचा, मार पोराला.

भांडं उथळ हवं. चार बोटं उंचीचा ट्रे, मिठाईचा मोठा खोका, जुनी परात, सफरचंदाची पुठ्ठ्याची पेटी निम्म्यात कापून, काहीही चालेल. तळ एका नजरेत दिसला पाहिजे, एवढी एकच अट. तळ दिसला की ओतायचं कारणच उरत नाही. यासाठी बाजारातून काही आणावं लागत नाही, आणि नेमकी हीच गोष्ट कुणी सांगत नाही, कारण तिच्यात कुणाचा धंदा नाही.

धंदा आहे तो रंगांच्या डब्यांत. हल्ली आयांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर व्हिडिओ फिरतात: पारदर्शक डबे, वर छापलेली लेबलं, लाल ठोकळे लाल डब्यात, निळे निळ्यात. बघायला छान दिसतं. पण ही मांडणी खेळणाऱ्यासाठी नाही, बघणाऱ्यासाठी आहे. कसं ते सांगते. रंगीबेरंगी ढिगातून लाल ठोकळा शोधायला डोळ्याला क्षणही लागत नाही, रंग आपणहून उठून दिसतो. पण शंभर लाल ठोकळ्यांतून सहा खुंट्यांचा नेमका शोधायचा म्हटलं तर एकेक उचलून बघावा लागतो, कारण चार, सहा आणि आठ खुंट्यांचे सगळे लाल एकमेकांत मिसळून जातात. काळ्यांचं तर विचारूच नका. काळ्या ढिगात काळी बारीक पट्टी मोठ्या माणसालाही सापडत नाही. म्हणून वेगळं करायचंच असेल तर आकाराने करा, रंगाने कधीच नाही. आमच्या स्टोअरला स्क्रू लांबीने आणि आट्याने लावतात, चमकेने नाही.

आणि फार वेगळं करूही नका. तीन-चार वर्षांच्या पोराला वर्गवारीची गरजच नसते. मूठ-दोन मूठ मोठे ठोकळे समोर असले की झालं. जरा मोठं झालं, गाड्या नि घरं बांधायला लागलं, की चार वाटे पुरतात: जाड ठोकळे, पातळ पट्ट्या, चाकं आणि धुऱ्या, आणि चौथ्यात माणसं, दारं, खिडक्या. नखाएवढे बारीक तुकडे झाकणाच्या डबीत. चिकटलेल्या पातळ पट्ट्या सोडवायचं छोटं अवजार मिळतं. ते मिळालं असेल तर दोरीने ट्रेलाच बांधून टाका, नाहीतर पोरं दातांनी सोडवतात आणि दाताचे नि पट्टीचे दोन्हींचे हाल होतात. धुवायचे असतील तर भाजीच्या जाळीच्या पिशवीत घालून कोमट पाण्यात खळबळा आणि सावलीत वाळवा, कारण उन्हात पांढरे ठोकळे पिवळे पडतात. सांभाळण्याची विद्या ती एवढीच. हिच्यासाठी हजारो रुपयांचं फर्निचर विकणाऱ्यांना दारात उभं करू नये.

पण या सगळ्याहून मला जास्त खुपतो तो रात्रीचा हुकूम: ‘मोड ते, आणि भर डब्यात.’ पोराने दोन तास खपून काहीतरी उभं केलेलं असतं. आपल्याला ते वेडंवाकडं दिसतं. त्याच्या लेखी ते एमआयडीसीचं गेट असतं, क्रेन असते, गावाकडचं घर असतं. उद्या पुढचा मजला चढवायचा असतो. आणि आपण त्याला स्वतःच्या हाताने ते मोडायला लावतो, वर त्याला चांगली सवय म्हणतो. कंपनीत शिफ्ट संपली म्हणून अर्धवट जॉब कुणी फोडतं का? त्याला टॅग लावतात, नोंद करतात आणि पुढच्या शिफ्टच्या ताब्यात देतात. अर्धवट काम म्हणजे कचरा नाही, हे आपल्याला कारखान्यात कळतं आणि घरात कळत नाही.

कारखान्याचं उदाहरण नको असेल तर दिवाळी आठवा. आपण सगळे किल्ला करत वाढलो. माती, दगड, विटा, पोत्याचं कापड, वर पेरलेली मोहरी किंवा हळीव, बुरुजांवर मावळे, सिंहासनावर महाराज. तो किल्ला रोज रात्री मोडून माती जागेवर ठेव, असं कुठल्या आईने कधी सांगितलं? अंगणाचा अर्धा भाग अडला तरी घरादाराने वळसा घालून ये-जा केली. दिवाळी सरली की मावळे वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात गेले आणि पुढच्या वर्षी तेच खोकं पुन्हा खाली आलं. बांधलेलं उभं राहू द्यायचं आणि सुटे तुकडे जपून ठेवायचे, ही दोन्ही कामं मराठी घराला शिकवावी लागत नव्हती. ज्या पोरांना आज अंगण नाही, माती नाही, ज्यांच्या दारासमोर चाळीची सामाईक गॅलरी आणि दहा बिऱ्हाडांच्या चपला आहेत, त्यांचा किल्ला म्हणजे हे ब्लॉक्स. मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून कामासाठी इथे आलेल्या घरांतली ही पोरं आहेत. त्यांचं गाव सुटलंय, आजी-आजोबा सुटलेत. निदान संध्याकाळी बांधलेलं सकाळी जागेवर सापडेल, एवढा भरवसा त्यांना द्यायला आपल्याला काय लागतं? एक प्लायचा तुकडा लागतो. त्यावर बांधू द्या आणि रात्री तो कॉटखाली सरकवा.

तुकडे हरवतील म्हणून खेळणं बंद ठेवणारा एक मोठा वर्ग आहे. ‘महागाचा आहे, एक जरी पीस गेला तर सेट बाद.’ महाग आहे हे खरं. परदेशी खेळण्यांवरचं सीमाशुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० झालं आणि २०२३ मध्ये ७०. पण सेट बाद होतो हे साफ खोटं. आठ खुंट्यांचे एकाच रंगाचे फक्त सहा ठोकळे घ्या. ते एकमेकांना किती प्रकारे जोडता येतात, याचा हिशोब कोपनहेगन विद्यापीठाचे गणिती सोरेन आयलर्स यांनी संगणकाच्या मदतीने मांडला. उत्तर आलं ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५. सहा ठोकळ्यांत एवढं! मग अडीचशेतला एक हरवला म्हणून काय बिघडलं? खोक्यावरच्या चित्रासारखं होणार नाही, एवढंच. ते चित्र कंपनीने माल विकायला छापलंय, पोराने आयुष्यभर त्याची नक्कल करावी म्हणून नाही.

घराचं एक झालं. सार्वजनिक पैशाने आलेल्या खेळण्यांचं काय? एका बालवर्गात मी डोळ्यांनी पाहिलं. भिंतीवर फुलपाखरं रंगवलेली, कोपऱ्यात लोखंडी कपाट, कपाटाला कुलूप. आत ब्लॉक्सचे नवे डबे, प्लास्टिकचं वेष्टनसुद्धा न काढलेले. का, तर डेडस्टॉक रजिस्टरला नोंद आहे, तुकडा कमी भरला तर जाब द्यावा लागतो. मी तिथल्या बाईंना दोष देत नाही, कारण जाब खरोखरच त्यांना विचारला जातो. दोष त्या पद्धतीचा आहे, जी खेळून झिजलेल्या ठोकळ्याला नुकसान समजते आणि न उघडलेल्या डब्याला बचत. केंद्र सरकारने २० फेब्रुवारी २०२३ रोजी तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी ‘जादुई पिटारा’ हा खेळ-साहित्याचा संच आणला, खेळातून शिक्षणाची घोषणा झाली. कपाटाची किल्ली पर्समध्ये राहणार असेल तर पिटारा आला काय आणि न आला काय.

या कुलपाचा निकाल शंभर वर्षांपूर्वीच लागलेला आहे. ६ जानेवारी १९०७ रोजी मारिया माँटेसोरी यांनी रोमच्या सान लोरेंझो वस्तीत पहिलं बालगृह उघडलं. ती वस्ती श्रीमंतांची नव्हती. मजुरांच्या चाळी होत्या, आईबाप कामावर गेले की पोरं जिन्यात नि भिंतींवर उच्छाद मांडायची, म्हणून हे बालगृह निघालं. म्हणजे आपल्या कारेगावसारखीच गोष्ट. तिथेही साधनं कपाटात कुलूपबंद असायची आणि बाई काढून द्यायच्या. एक दिवस बाई कुलूप लावायला विसरल्या आणि पोहोचायलाही त्यांना उशीर झाला. येऊन बघतात तर मुलांनी कपाट उघडून आपापल्या आवडीची साधनं काढलेली. बाईंना ती चोरी वाटली. माँटेसोरींना मात्र वेगळं दिसलं: आपल्याला काय हवं हे मुलांना ठाऊक आहे आणि कुठली वस्तू कुठली हेही ठाऊक आहे. त्यांनी उंच कपाट काढून मुलाच्या हाताला येतील अशी बुटकी, उघडी कपाटं आणली. एक कपाट बुटकं झालं आणि जगभरच्या बालशाळांची रचना बदलली. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला तेच तत्त्व आदिवासी पाड्यांवर नेलं. शिंपले, खडे, बिया, पानं हीच साधनं, आणि वर्ग भरायचा अंगणात. ज्या महाराष्ट्राने हे करून दाखवलं, तिथे बालवर्गाच्या खेळण्यांना कुलूप दिसावं ही शरमेची गोष्ट आहे.

आवरायची सवय लावायला नको असं मी म्हणत नाही. लावायलाच हवी, पण धाकाने नाही. फ्रोबेल या शिक्षणतज्ज्ञाने जर्मनीत १८३७ च्या सुमारास बालोद्यान सुरू केलं. मुलांसाठी त्याने केलेल्या खेळसंचांपैकी तिसरा म्हणजे आठ लाकडी घन, ते नेमके बसतील अशा सरकत्या झाकणाच्या पेटीत. पेटी उपडी घालायची, झाकण ओढायचं, पेटी वर उचलायची, की अख्खा घन टेबलावर उभा राहतो. खेळ संपला की आठही पुन्हा जुळवून आत. तिथे आवरणं हा खेळातला शेवटचा डाव होता. पुढे रिख्टर कंपनीच्या दगडी ठोकळ्यांच्या पेटीत तर कुठला ठोकळा कुठे बसवायचा याचे नकाशे असायचे, आणि भरणं हेच एक कोडं व्हायचं. आपण काय करतो? ‘पाच मिनिटांत आवर नाहीतर फेकून देईन.’ धमकीने आवरलेल्या ठोकळ्यांना दुसऱ्या दिवशी हात लावावासा वाटेल का?

सुरक्षिततेबद्दल मात्र मी कुणाचंही ऐकून घेणार नाही. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे. आठवडे बाजारात पिशवीत भरून वजनावर मिळणारा बिनमार्कचा माल आणू नका. तो नीट बसतही नाही, नि बसला तर निघत नाही. एक सैल ठोकळा मधे आला की वरचा अख्खा मजला कोसळतो आणि पोराला वाटतं आपल्यालाच जमत नाही. स्टोअरला रिजेक्शनचा लाल बिन असतो, तसा घरातही एक डबा ठेवा. सैल, चिरलेले ठोकळे त्यात टाका, चांगल्यांत मिसळू देऊ नका. आणि घरात तीन वर्षांखालचं बाळ असेल तर बारीक तुकड्यांची डबी वर गेलीच पाहिजे. तपासणीच्या मानकात ३१.७ मिलिमीटर व्यासाची एक नळी असते. त्या नळीत मावणारा तुकडा बाळाच्या घशात अडकू शकतो. माळ्याचा एवढाच एक रास्त उपयोग मला मान्य आहे, आणि तोसुद्धा थोरल्याचे मोठे ठोकळे खाली ठेवून.

‘दहा बाय दहाची खोली, नवरा रात्रपाळी करून दिवसा झोपतो, त्यात हे कुठे मांडू?’ हा प्रश्न खरा आहे. मी अशाच खोलीत राहिले आहे, आणि या प्रश्नाला फर्निचरवाल्याकडे उत्तर नाही. उत्तर आजीकडे आहे: गाठोडं. जुनी गोधडी पसरा, ठोकळे तिच्यावर ओता. गोधडीवर आवाज होत नाही, झोपलेल्या माणसाची झोप मोडत नाही. सगळा माल उथळ पसरलेला, तळ दिसतोय. खेळून झालं की चारी टोकं धरून गाठ मारायची, गाठोडं खुंटीला, आणि ती खुंटी पोराच्या खांद्याच्या उंचीवर. उघडायलाही त्याला कुणाची परवानगी नको, बांधायलाही कुणाची मदत नको. पाच वर्षांच्या पोराला गाठ येत नसेल तर दोरी ओवून द्या, ओढली की तोंड बंद. याला एक पैसा खर्च नाही.

म्हणून कारेगावातल्या, आणि कारेगावसारख्या प्रत्येक गावातल्या आईबापांना सांगते: आज कामावरून गेल्यावर माळ्यावरची पिशवी खाली काढा. पोरासमोर ओता आणि तासभर तोंडातून अवाक्षर काढू नका. ज्या बालवर्गांची कपाटं बंद आहेत त्यांच्या पर्यवेक्षकांनी लेखी द्यावं, की खेळताना हरवलेल्या, झिजलेल्या तुकड्याचा जाब कुणालाही विचारला जाणार नाही. आणि रजिस्टर लिहायला माणूस नाही ही अडचण असेल तर मला बोलवा. सुट्टीच्या दिवशी येऊन मी ते लिहून देईन, पण कुलूप त्याआधी निघालं पाहिजे.